चाळीस माणसं आणि आठ मेंढ्या

तिचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर लावत नव्हती, गरजही नव्हती. पावणेपाचला मी इमारतीचा पंप चालू करायचो आणि तोवर ती जिन्याखालच्या नळाला बादली लावून उभी असायची. तेवीस वर्षांत दोन दिवस चुकले. एकदा नवरा गेला, एकदा मुलगी बाळंत झाली. दोन्ही वेळा तिने बदली बाई पाठवली, आणि परत आल्यावर त्या बाईने सोडलेले कोपरे पुसून काढले.

बारा मजले. मजल्याला वीस पायऱ्या. बारा पायऱ्यांमागे पाणी बदलायचं, म्हणजे वीस बादल्या. इमारतीत दोन लिफ्ट होत्या. रहिवासी लिफ्टने जायचे. पाणी सांडतं म्हणून सफाईवाल्यांना लिफ्ट बंद होती. त्यामुळे ज्या जिन्यावर कुणाचं पाऊल पडत नव्हतं तो जिना ती रोज पुसायची, आणि त्यावर पावलं उमटायची ती फक्त तिची. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग माझी पावलं तरी स्वच्छ नकोत का, भाऊ?"

आम्ही नोकरमाणसं रहिवाशांना घराच्या नंबरने ओळखायचो. सातशे चार आल्या, तीनशे एकचा फोन आला, असं. ते आम्हाला कामाने ओळखायचे. मी पंपवाला, फाटकावर गेटवाला. तिला मात्र सगळे शिट्टीमावशी म्हणायचे, कारण तिच्याकडे शिट्टी होती. बिस्किटाएवढा पत्र्याचा तुकडा, मधोमध दुमडलेला, दोन्ही पात्यांना आरपार भोक. तो जिभेवर ठेवून फुंकायचा. बाप मेंढपाळ होता, ही शिट्टी त्याची. माळावरून मोठा रस्ता गेला, मेंढ्या विकल्या, बाप खंगला. ती एकोणिसाव्या वर्षी शहरात आली ती एवढं एकच घेऊन. वरची टाकी भरली की ती नवव्या मजल्यावरून शिट्टी मारायची आणि मी खालचा व्हॉल्व बंद करायचो. बाईमाणसाने शिट्टी मारणं बरं दिसत नाही, अशी तक्रार इमारतीच्या अध्यक्षांनी एकदा केली होती. पुढे ते लिफ्टमध्ये अडकले तेव्हा तीच शिट्टी ऐकून आम्ही धावलो, मग तक्रार थंड पडली.

तिचे वरचे पुढचे चार दात नव्हते. दोन नवव्या मजल्यावरच्या पायरीने घेतले, दोन मागोमाग आपणहून गेले. हसताना ती तोंडावर हात धरायची. मुलगी एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेऊन ठेवलं होतं, दर कमी केला होता, आणि मावशी तीन वर्षं त्यासाठी पैसे मागे टाकत होती. एवढी पार्श्वभूमी पुरे. आता कुत्र्यांकडे येतो.

आमच्या इमारतीत कुत्र्यांची मोठी बडदास्त होती. सातशे चारकडे आखूड पायांचा कॉर्गी. तो राजघराण्यात शोभणारा आहे असं त्या बाई सांगायच्या आणि त्याला बाबागाडीतून फिरवायच्या. तीनशे एककडे जर्मन शेफर्ड. दारावर 'सावधान' अशी पाटी, आणि आतला प्राणी छत्री उघडली की सोफ्यामागे. संध्याकाळी ही वरात अंगणात उतरली की मावशी बाकावर बसून पाहायची. जातींची नावं तिला माहीत नव्हती. ती चालीवरून काम ओळखायची.

"तो बुटका गुरांमागे चालायचा," ती म्हणाली. "पाय आखूड का? खूर चावला की गाय लाथ मारते. ती त्याच्या डोक्यावरून जावी म्हणून."

"आणि शेफर्ड?"

"तो म्हणजे चालतं कुंपण. एका बाजूला कळप, दुसऱ्या बाजूला उभं पीक. मधल्या पट्ट्यातून दिवसभर येरझारा. एक मेंढी पिकात गेली तर त्याची अब्रू गेली."

शेफर्ड तेव्हा मालकाच्या पायांत लपून गेटवाल्याच्या छत्रीकडे पाहत होता.

"तुमच्याकडे अशी कुत्री होती?"

"आमच्याकडे कागद नव्हते कुणाचे. सकाळी उठून जो कामाला लागला तो आमचा कुत्रा. जो नाही लागला तो पाव्हणा."

सहाशे दोनकडे जी कुत्री आली ती मात्र वेगळी निघाली. काळीपांढरी, बारीक अंगाची, जात बॉर्डर कॉली. कागदावर तिचं नाव चार शब्दांचं होतं. घरात तिला बेबी म्हणत. साहेब-मॅडम दोघं सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला परतायची. सर्वांत हुशार जात कोणती, हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. हुशार प्राणी अकरा तास एकटा काय करतो, हे पाहून घ्यायचं राहिलं.

बेबीने पडदे उतरवले. सोफ्याच्या उशा एका कोपऱ्यात लावल्या. धुण्याचं मशीन फिरायला लागलं की ती दोन तास त्याच्यावर नजर रोखून बसायची. मग ट्रेनर आला. त्याच्या कमरेला बिस्किटांची पिशवी. तासाचे पैसे घेऊन त्याने निदान केलं की बेबीला एकटेपणाची भीती आहे. उपाय म्हणून मंद संगीत आणि निळा चेंडू. तरी फरक पडला नाही, तेव्हा लाल चेंडू.

त्याच सुमारास लोकांचे जोडे हरवायला लागले. संशय दूधवाल्यावर. एका सकाळी मावशी सहाव्या मजल्यावर पोचली तर जिन्याच्या वळणावर अठरा जोडे. चप्पल, बूट, एक लहान मुलाची सँडल. सगळे भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्यासमोर बेबी पोट जमिनीला टेकून, मान पुढे काढून, डोळे न मिटता. पेपर घ्यायला उघडलेलं सहाशे दोनचं दार तसंच राहिलं होतं. एक बूट जरा बाहेर होता. तिने नाकाने तो आत ढकलला.

मावशीने पोचा खाली ठेवला. शिट्टी काढून एक लांब, खालच्या पट्टीतली फुंकर मारली. बेबीचे कान उभे राहिले. ती मावशीकडे वळली आणि जागच्या जागी गप्प झाली. सहाशे दोनच्या मॅडम दारात आल्या त्या नाइट गाउनमध्येच.

"मावशी, हे कसं केलंत? ट्रेनरला दोन महिन्यांत जमलं नाही."

"त्याने तिला बिस्किटं दिली. काम दिलं नाही."

"काम म्हणजे?"

"म्हणजे काम, मॅडम."

मॅडमना हे कुठल्याशा नव्या पद्धतीचं नाव वाटलं. त्यांनी ट्रेनर बंद केला आणि मावशीला रोज संध्याकाळचा एक तास ठरवून दिला. ट्रेनरच्या एका तासाला जे पडायचं त्यात मावशीचा महिना बसला. मॅडमना फार बरं वाटलं. मावशीलाही वाटलं, दात लवकर होतील म्हणून.

गेटवाल्याच्या खोलीमागे त्याच्या सहा कोंबड्या होत्या. त्यांच्यावर शिकवणी सुरू झाली. लांब शिट्टी म्हणजे आडवी हो. दोन तुटक म्हणजे डावीकडून वळसा. चढत जाणारी म्हणजे उजवीकडून. उतरती म्हणजे सोड आणि परत ये. मावशी कधी ओरडली नाही, कधी बिस्किट दिलं नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांनी बेबी सहा कोंबड्या एका विटेवरून रांगेत नेत होती. गेटवाला म्हणाला, "मावशी, माझ्या कोंबड्या वळण लागल्यासारख्या वागताहेत, पण अंडी घालताना दबकतात." पण घरातले पडदे जागेवर राहिले. धुण्याचं मशीन एकटंच फिरायला लागलं. साहेब म्हणाले, चेंडूचा उपयोग झाला शेवटी.

मग तो वाढदिवस आला.

रविवारी सकाळी अंगणात एका मुलीचा वाढदिवस होता. मुलं चौदा, शिवाय एक जादूगार. आईबाप कडेला खुर्च्यांवर, प्रत्येकाच्या हातात फोन. फाटक उघडं, बाहेर रस्ता. मुलं फाटकाकडे पळत होती, परत येत होती, पुन्हा पळत होती. बेबी साहेबांबरोबर खाली आली होती. साहेबांच्याही हातात फोन होता आणि पट्टा दुसऱ्या हातातून केव्हा सुटला ते त्यांना कळलं नाही. बेबीने रुंद वळसा घेतला, फाटकाच्या बाजूने आली, आणि चौदा मुलं जनरेटरमागच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली. जादूगारालाही. कुणाला दात लावला नाही, कुणावर भुंकली नाही. नुसती समोर आडवी झाली आणि पाहत राहिली. मुलांना मजा वाटली, ती खाली बसून जादूगाराच्या टोपीतला ससा पाहू लागली.

वीस मिनिटं मुलं जागेवर नव्हती. केक आला तेव्हा आईबापांना ते कळलं.

आरडाओरडा झाला. अध्यक्ष सोडवायला धावले. हे गृहस्थ एका सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागातून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर कुठलाही कागद वेळेवर न सापडू दिल्याचा रुबाब त्यांच्या चालण्यात होता. ते जनरेटरपाशी गेले, एका बाजूने फुटून आलेल्या मेंढीसारखे. बेबीने त्यांच्या पोटरीला नाक लावलं आणि त्यांनाही आत घेतलं. मुलं हसली. एवढंच झालं. पँटीला थोडी लाळ लागली.

मुलं फाटकाबाहेर गेली असती तर काय, असं कुणी विचारलं नाही. आपलं लक्ष नव्हतं हे एका कुत्रीच्या लक्षात आलं, हे लोकांच्या मनाला लागलं. अध्यक्षांनी संध्याकाळीच सूचनाफलकावर कागद लावला. पुढच्या रविवारी सहा वाजता सर्वसाधारण सभा. विषय एकच, सहाशे दोनमधील धोकादायक प्राणी इमारतीतून कायमचा हलवणे.

नको झालेली कुत्री ठेवून घेणाऱ्या एका केंद्रात साहेबांनी चौकशी करून ठेवली होती. मावशी त्यांना जिन्यात नाही, लिफ्टच्या दारात गाठू शकली.

"कसली जागा आहे, साहेब?"

"फार चांगली आहे. मोकळी हवा. कुणीतरी दत्तक घेतं."

"आणि नाही घेतलं तर?"

"दहा दिवस ठेवतात."

"अकराव्या दिवशी?"

साहेबांनी लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

मला मात्र सुटका दिसत होती. इमारतीच्या नियमांत लिहिलं होतं की असा ठराव करायचा तर निदान चाळीस घरांची माणसं सभेला हजर हवीत. त्याला कोरम म्हणतात. शहाण्णव घरं होती, पण मागच्या तीन सभांना अनुक्रमे अकरा, नऊ आणि सात माणसं आली होती. त्या सातांत सेक्रेटरी, खजिनदार, आणि चहा आणायला गेलेला मी. चाळीस माणसं या इमारतीत फक्त आग लागली तर एकत्र येतील, तीही दोन गटांत. तेव्हा कोरम होणार नाही, ठराव होणार नाही, कुत्री वाचेल.

अडचण एकच. लोकांना सभेला बोलावून आणायचं काम सेक्रेटरींनी मावशीला सांगितलं होतं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "दोन मजल्यांवर घंटा वाजवा, खाली या. कुणी विचारलं तर सांगा, बोलावलं होतं. दहा टाळकी येतील, सभा बरखास्त."

ती बादली विसळत होती. "बोलावून आणायला सांगितलंय. नुसतं बोलावायला नाही."

"मावशी, ते तिला घालवायला जमणार आहेत."

"ठाऊक आहे."

"मग?"

"आज नाही जमले तर पुढच्या महिन्यात जमतील. नाहीतर हेच साहेब तिला गुपचूप नेऊन सोडतील, ठरावाची वाट न बघता." तिने बादली पालथी घातली. "भाऊ, त्यांनी तिचं काम पाहिलंच नाही कधी. खोड्या पाहिल्या. नीट काम एकदा पाहिलं की माणसाला कळतं."

तेवीस वर्षं कुणी न पाहिलेला जिना पुसून ती हे म्हणत होती. जन्मभर हाताने काम केलेला माणूसच ही चूक करू जाणे. मीही केली आहे.

रविवारी पावणेसहा. सभागृहाचं दार उघडं, शंभर खुर्च्या मांडलेल्या, आत अध्यक्ष, सेक्रेटरी आणि दोन म्हातारे. बाकी इमारत अंगणात पसरलेली. आठजण झाडाखाली पत्ते खेळत होते. बायका फाटकाशी भाजीच्या गाडीभोवती. चारपाच तरुण मोटारी धूत होते. फेऱ्या मारणारे फेऱ्या मारत होते. ज्यांना सभेची आठवण होती ते सभागृहापासून सर्वांत लांबच्या बाकांवर होते.

मावशी दारापाशी उभी राहिली. पट्टा सोडला. शिट्टी जिभेवर ठेवली आणि दोन तुटक फुंकरा मारल्या.

बेबी डावीकडून गेली, भिंतीच्या कडेकडेने, इतकी लांबून की कुणाला वाटावं फिरायला निघालीय. सगळ्यांच्या मागे पोचली आणि थांबली. मग मान खाली घालून पुढे आली. तिची सगळी करामत नजरेत होती. तुमच्या पाठीला कुणीतरी पाहतंय असं वाटतं, तुम्ही दोन पावलं सरकता. ती दोन पावलं तुमच्याकडून येतात, म्हणून ती तुमचीच वाटतात.

पहिल्यांदा फेऱ्यावाले वळले. "चला, जाऊन तर बघू, मी तसाही जाणारच होतो," असं त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला. पत्तेवाल्यांनी पानं हातात घेऊन डाव चालता चालता पुढे चालू ठेवला. बायका गाडीपासून निघाल्या आणि भाजीवालाही थोडा आला, पण मावशीने लांब शिट्टी मारली, त्याला बाहेरचा म्हणून सोडून दिलं. सातशे चार बाबागाडीसकट आल्या. कॉर्गीने गाडीतून मान काढली, बेबीचं काम पाहिलं, आणि टुणकन उडी मारून समोरच्या तरुणाच्या टाचा धरल्या. त्याच्या घराण्यात कित्येक पिढ्यांत हे काम कुणी केलं नसावं, पण टाच बरोबर धरली. तीनशे एकचा शेफर्ड मात्र स्वतःच कळपात शिरून मधोमध चालत होता.

एकजण फोन विसरला म्हणून दोनदा मागे फिरला. दोनदा परत आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "जाऊ दे, सभेत कशाला हवा फोन."

सहाला पाच कमी असताना सेक्रेटरींनी दारात मोजणी केली. घरं त्रेपन्न. त्यांनी पुन्हा मोजलं. मग अध्यक्षांच्या कानात सांगितलं, आणि अध्यक्षांनी उभं राहून टाय सारखा केला.

मावशीने उतरती शिट्टी मारलीच नाही, म्हणून बेबी दारात आडवी झाली. तिच्या हिशेबी कळप आत होता आणि काम संपल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे अध्यक्ष पन्नास मिनिटं बोलले आणि कुणी उठून गेलं नाही. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होत होतं. ते म्हणाले, आज सभागृह भरलं याचा अर्थ नागरिकांची जाणीव जागी झाली आहे. ते म्हणाले, पाणी, पार्किंग, कशालाही आपण एकत्र आलो नाही, पण आज आतून हाक आली. ते म्हणाले, आपल्याला इथे कुणी हाकून आणलेलं नाही.

दाराशी बसलेल्या गेटवाल्याला खोकला आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

मग हात वर करायला सांगितलं. बेबीला घालवण्याच्या बाजूने बेचाळीस. विरोधात सात, त्यांत जादूगाराच्या वेळी कोपऱ्यात सापडलेल्या एका मुलाची आजी. ती उभी राहून म्हणाली, "माझा नातू रस्त्यावर गेला नाही तो तिच्यामुळे." सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि हात वरच ठेवले. सहाशे दोनच्या साहेबांना नेमका तेव्हा ऑफिसचा फोन आला. ठराव मंजूर, मुदत सात दिवस. त्याला जोडून दुसराही झाला, विक्रमी उपस्थितीबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन.

लोक उठले. दारात बेबी. कुणी तिला ओलांडायला धजेना. चाळीसपन्नास माणसं खुर्च्यांमध्ये खोळंबून उभी राहिली, आणि अध्यक्ष म्हणाले, "मावशी, जरा बघा."

मावशी त्यांच्याकडे पाहत होती. कुणीतरी काहीतरी म्हणेल असं तिला तेव्हाही वाटत असावं. मग तिने शिट्टी जिभेवर ठेवली आणि उतरती फुंकर मारली. बेबी उठली, तिच्या पायाशी येऊन उभी राहिली. ठराव करणारी माणसं त्या शिट्टीवर बाहेर पडली.

"काम बघितलं त्यांनी," मी नंतर म्हटलं.

"बघितलं," ती म्हणाली. "पण कोण करतंय ते नाही बघितलं."

दुसऱ्या दिवशी ती सहाव्या मजल्यावर गेली आणि म्हणाली, कुत्री मी नेते. साहेबांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की बघवेना. मॅडम खरंच रडल्या. त्यांनी कागद दिला, दोन्ही चेंडू दिले, गादी दिली, कुत्र्यांना थंडीत घालायचा चेकचा कोट दिला, आणि त्याच आठवड्यात माशांची काचपेटी मागवली. मासे सुंदर होते. सगळे एका दिशेने पोहत.

मावशीची खोली दहा बाय नऊची. म्हणून बेबी गेली शहराबाहेर तिच्या धाकट्या भावाकडे. भाऊ एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर रखवालदार होता. चारी बाजूंनी गवत, मालकाची एकच अट की गवत वाढू द्यायचं नाही, साप होतात. मावशी दर रविवारी जायची. पहिल्याच रविवारी भावाने तिला बाहेर घेतलं.

"ताई, ही कुत्री आहे की मुकादम?"

"का रे, काय केलं?"

"बायकोला दोनदा भिंतीला लावलं. पाणी आणायला निघाली की परत स्वयंपाकघरात. मी सायकल काढली की पुढे आडवी. काल पोस्टमन आला, तो अजून—नाही, गेला बिचारा, पण तासाभराने."

वहिनी आतून म्हणाली, "मला माझ्या सासूने एवढं घरात ठेवलं नव्हतं."

मावशी हसली नाही. "कामावाचून आहे ती," म्हणाली. "आठ दिवस दम धरा."

आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. इकडे अध्यक्षांना सभेची चटक लागली होती. भिंतींचा रंग ठरवायला त्यांनी दुसरी सभा बोलावली आणि भाषण दोन रात्री जागून लिहिलं. सहा माणसं आली. त्यांतला एक चुकून आला होता. सोमवारी सेक्रेटरी जिन्याखाली आले. बारा वर्षांत ते जिन्याखाली कधी आले नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मावशी, ती आपली बेबी कशी आहे?"

"आपली कुठली, साहेब. ठरावाने गेली."

"नाही, म्हणजे, एका दिवसापुरती आणता येईल का? पुढच्या रविवारी. सहा ते सात."

"आवारात आणायला मनाई आहे ना तिला?"

"आहे. ती उठवावी लागेल."

"कोण उठवणार?"

"सर्वसाधारण सभा," सेक्रेटरी म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले. "त्याला चाळीस माणसं लागतील."

मी पंपाला तेल देत होतो. वर पाहिलं नाही.

"वाटल्यास मागच्या फाटकाने आणा," ते हळूच म्हणाले. "अध्यक्षांची हरकत नाही. तासाचे पैसे देऊ. ट्रेनरला देत होते तेवढे."

तेवढे म्हणजे मावशीचा महिना. त्या भरीने दात त्याच आठवड्यात झाले असते. तिने पोचा पिळला. शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळायची तिची सवय.

"तिला जमायचं नाही, साहेब. तिला नोकरी लागली."

"कुठे?"

"लागेल शनिवारी."

संध्याकाळी ती मुलीकडे गेली. मला हे मुलीनेच पुढे सांगितलं. तिने डॉक्टरांचा निरोप दिला, माप तयार आहे, शनिवारी ये. मावशी म्हणाली, शनिवारी बाजार आहे.

"कसला बाजार?"

"मेंढ्यांचा."

"आई, तू दातांचे पैसे मेंढ्यांत घालणार? त्या कुत्रीसाठी?"

"भट्टीवर गवत आहे. मालकाला ते कमी हवंय. तुझा मामा आहे. कोकरं होतील, लोकर होईल. आणि मी काही मरेपर्यंत जिना पुसणार नाही."

"माझ्या लग्नाच्या फोटोत तोंड मिटून उभी आहेस. नातवाच्या फोटोत तोंड मिटून उभी आहेस. माझ्या डॉक्टरांना मी काय सांगू?"

"सांग, मेंढीला वरचे पुढचे दात नसतातच. जन्मापासून. तिचं कधी अडलंय का खायचं?"

मुलगी उठली आणि भांडी आपटत घासायला लागली. शनिवारी मात्र सकाळी सहालाच तयार होऊन आली. जावयाने टेम्पो मागून आणला होता आणि आपल्याला सासूने पहिल्यांदाच काहीतरी वाहायला सांगितलं म्हणून तो खुशीत होता. मीही गेलो. त्या दिवशी पंप गेटवाल्याने चालवला आणि टाकी भरून वाहिली, ते वेगळं.

बाजारात मावशी तीन तास फिरली. भाव आधी विचारला नाही. मेंढी धरायची, पाय तपासायचे, पाठीवरून हात फिरवायचा, मग अंगठ्याने ओठ वर करून तोंड बघायचं. मेंढीचं वय दातांत असतं. खालचे आठ पुरे आणि घट्ट हवेत. दात गेलेली मेंढी चरू शकत नाही, वर्षभरात वाळते. विकणारा एका मेंढीला फार चढवत होता. मावशीने तिचा ओठ वर केला आणि एका दाताला बोट लावलं.

"हलतोय."

"मावशी, एक दात तर आहे," तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे पाहून हसला. "तुम्ही तर चार नसताना एवढा भाव पाडताय."

तिने तोंडावर हात धरला नाही. "मला भाव पाडायचाय, बाबा. तिला चरायचंय. दुसरी दाखव."

त्याने दुसरी दाखवली. तिचे आठही घट्ट होते.

दुपारी दोनला टेम्पोचं फळकं भट्टीवर उघडलं. आठ मेंढ्या उतरल्या आणि आठ दिशांना पांगल्या. वहिनीने दार लावून घेतलं. बेबी भिंतीपाशी होती, एक पाय उचललेला. मावशीने शिट्टी जिभेवर ठेवली. चेकचा कोट पुढे पहिल्या कोकराला बरोबर बसला. पण त्या दिवशी तेवीस वर्षांच्या जिन्याचं, वीस वीस बादल्यांच्या कमाईचं झालं ते एवढंच. आठ मेंढ्या, सगळ्यांचे दात पुरे.